एकटं चालतंय की कळप

स्कूटर दारात आली की गारेनआत्या आधी माणसाशी बोलायची नाही. हातमोजा काढायची, बाजूचं झाकण उघडायची आणि उलट्या हातानं पुढची पुली चाचपायची, मग मागची, मग बेल्ट. माणूस त्यानंतर.

नट आवळायचे पाने काखेत धरून गरम करायची.

नट-बोल्ट कॉफीच्या रिकाम्या कपात टाकायची आणि तो कप भरलेल्या कपाशेजारीच ठेवायची. एकदा म्हाताऱ्या पिएराच्या तोंडात वायसर गेला. आम्ही कॉफीत चीज घालतो; त्या दिवशीचं जरा कडक निघालं, असं तो अजून सांगतो.

चेनच्या डब्यातलं तेल दोन बोटांत चोळून दिव्यासमोर धरायची. त्यात लोखंडाची चमक दिसली तर म्हणायची, "हिचे दात झिजायला लागले."

स्कूटर उभी करायची तर खाली बर्चच्या डहाळ्या घालून. थेट बर्फावर ठेवली, तर सकाळपर्यंत पट्टा गोठून जमिनीला चिकटतो. सुरू करण्याआधी ती स्कूटर मागून उचलून आपटायची आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंनी टाचेनं लाथा घालायची. लाथा घालताना शिव्या द्यायची नाही. बाकीचे देतात.

चाचणीला गोठलेल्या तळ्यावर गेली की वाटेत थांबायची, इंजिन बंद करायची, पुल्या चाचपायची आणि तो उलटा हात काठावरच्या माणसाला वर करून दाखवायची. म्हणजे गार आहेत, ठीक आहे.

कोणी काहीही म्हटलं की "हं" म्हणायची.

आणि आवाज ऐकायचा असेल तेव्हा साल काढलेली बर्चची एक काठी घ्यायची. तिचं एक टोक चेनच्या डब्यावर टेकवायची. पूर्वी दुसरं टोक कानाशी धरायची, असं लोक सांगतात. मी बघितलं तेव्हा ती ते दातांत धरायची.

आमच्याकडं स्कूटर म्हणतात ती बर्फावर पळणारी. पुढं दोन स्की, मागं रुंद रबरी पट्टा. इंजिन पुढची पुली फिरवतं, तिच्यावरचा बेल्ट मागची पुली फिरवतो, तिथून चेन आणि चेनवरून पट्टा. यातलं कुठलंही एक अडलं की इंजिन बोंबलत राहतं आणि स्कूटर जागची हलत नाही. पठारावर रेनडिअरच्या कळपामागं असताना, उणे चाळिसात असं झालं, तर माणूस तिथंच राहतो. म्हणून आमच्या तळ्याकाठच्या गावात पाद्र्यापेक्षा गारेनआत्याकडं लोक जास्त यायचे.

खरी आत्या ती तिच्या भाच्याची, लेमेतची. बाकी गावानं तिला तशीच आत्या करून टाकली होती. साठी उलटलेली, बुटकी, रुंद खांद्यांची. तरुणपणी ती स्वतः कळपामागं असायची. वडिलांनी पहिली स्कूटर आणली तेव्हा ती तिनं शेगडीशेजारी अंथरलेल्या कातड्यावर पुरती उघडली आणि पुन्हा जोडली. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "आत काय आहे ते माहीत नसलेल्या जनावरावर मी बसत नाही." पुढं किनाऱ्यावरच्या एका मासेमाऱ्याशी लग्न केलं आणि परत आली. त्याबद्दल ती एकच वाक्य सांगायची: "समुद्र गप्पच बसत नाही."

मग तिनं वडिलांच्या शेडमध्ये दुरुस्तीचं काम सुरू केलं. तिची स्वतःच्या खुणेची काही जनावरं लेमेतच्या कळपात चरत होती. किती, ते तिला आणि लेमेतला माहीत.

मी ट्रॉम्सोच्या विद्यापीठातून साहित्याची पदवी घेऊन परत आले, त्या हिवाळ्यात माझ्याकडं नोकरी नव्हती. वडिलांची जुनी स्कूटर होती. तीही कुरबुरायला लागली, म्हणून मी ती आत्याकडं नेली.

"काय झालं हिला?"

"आवाज येतो."

"आवाज तुझाही येतो. कसला?"

"विचित्र आहे."

"विचित्र म्हणे. एवढी वर्षं काय वाचत होतीस तिकडं? खरखर आहे, करकर आहे, कुरकुर आहे, का किरकिर?"

मी विचार केला. "चढावर करकर. सपाटीवर खुटखुट. वेग कमी केला की काही नाही."

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं.

"अगदीच वाया गेली नाहीस," ती म्हणाली. "बस. कॉफी घे."

चेन सैल झाली होती. तिनं ताण दिला, आवाज गेला. मी मात्र रोज जायला लागले. तिला मदतीची गरज आहे असं ती कधी म्हणाली नाही. मी दाराजवळच्या ओंडक्यावर बसायचे. कोणी स्कूटर ठेवून गेलं की आत्या म्हणायची, "सुरू कर. काय म्हणते ते मला सांग." मी सांगायचे. ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची आणि मग पाना उचलायची. सुरुवातीला मला वाटलं, माझी परीक्षा घेतेय.

एका सकाळी तिच्या कोपराशी फोन वाजला. ती बेल्ट पुसत होती. फोन वाजत राहिला, ती पुसत राहिली. मी उठून फोन उचलला तेव्हा तिचं लक्ष गेलं. माझं बोलणं होईपर्यंत ती थांबली.

"बस इथं," ती म्हणाली. "समोर बस."

मी बसले.

"वरच्या पट्टीतले आवाज आधी गेले. पहिल्यांदा पक्षी. मग बेल्टची किरकिर. मग लहान पोरं. खालचे आवाज अजून येतात, पण हाडांतून."

"आणि माणसं?"

"तोंडासमोर असली तर येतात."

"डॉक्टरकडं गेली होतीस?"

"त्यानं कानात घालायचं यंत्र दिलंय. इंजिनाशेजारी घातलं की डोकं फुटतं. आणि ते कानात दिसलं की..." तिनं बेल्ट उलटा केला, आतले दात बोटानं बघितले. "शहरातल्या दुकानात स्कूटरला कॉम्प्युटर लावतात. इथं लोक येतात ते माझ्या कानासाठी. कान गेला असं कळलं तर उद्या दारात एक स्कूटर येणार नाही. मग मी काय करू, मोजे विणू?"

"मी कोणाला सांगणार नाही."

"ते मी गृहीत धरलंय. तुला आवाजांची नावं येतात, म्हणून सांगतेय."

त्या दिवसापासून फोन मी घ्यायचे. आत्याचे हात तेलात आहेत, मला सांगा, मी तिला सांगते. हे आमचं ठरलेलं वाक्य होतं.

आमच्याकडं कोणाला त्याच्या कळपात किती जनावरं आहेत हे विचारत नाहीत. मुलांना हे शिकवावं लागत नाही, ती मोठ्यांना बघून शिकतात. माणसाजवळ काय आहे ते विचारायचं नाही. काय नाही, ते तर त्याहून नाही. त्यामुळं आत्याचं गुपित सांभाळणं मला अवघड गेलं नाही. कोणी विचारतच नव्हतं.

म्हातारा पिएरा दुरुस्तीचं काही नसलं तरी यायचा. त्याचा कळप आता मुलगे बघायचे. ओंडका सोडून तो बरोबर आत्याच्या समोर, तेलाच्या पिंपावर बसायचा. तिथं शेगडीची ऊब पोचत नाही. त्या हिवाळ्यात त्यानं आपल्या जाड मिशा काढून टाकल्या होत्या.

"काय रे, म्हातारपणी नवरदेव व्हायचंय?" आत्या म्हणाली.

"मिशांत बर्फ साठतो."

"इतकी वर्षं साठत नव्हता?"

"तेव्हा तोंड गरम होतं."

"तोंड अजून गरमच आहे. डोकं गार पडलंय."

पिएरा खूश झाला. बायको गेल्यापासून त्याला असं कोणी बोलत नव्हतं.

कळपाचे लोक आवाजांची वर्णनं फार करायचे, हेही मी तेव्हा बघितलं. स्कूटर दारात चालू असायची, तरी ते समोर येऊन सांगायचे. कोणी म्हणायचं, उतारावर वासरू आईला हाक मारतं तसं करते. कोणी हातांनी दाखवायचं. एकानं तर शेडमध्ये चालून दाखवलं. साहित्याचा अभ्यास करून आलेल्या मला याचं कौतुक वाटायचं. आमच्या भाषेत आवाजांना शब्दच पुष्कळ आहेत, असं मी समजत होते.

मार्च संपत आला आणि गेलेली थंडी उलटून आली. सकाळी दाराची कडी हाताला चिकटत होती. रेडिओवर उत्तरेच्या वाऱ्याचा इशारा होता. लेमेत पठारावर कळपाबरोबर होता. त्याची बायको पुढं, तळ्यापलीकडच्या झोपडीत, त्याची वाट बघत होती. आम्ही कॉफी घेत होतो तेव्हा त्याचा फोन आला.

"रिस्तेन? आत्याला दे."

"तिचे हात तेलात आहेत. मला सांग, मी तिला सांगते."

"असू देत तेलात. फोनची बॅटरी मरायला आलीय, पटपट सांगतो. इंजिन चालू आहे. स्कूटर जराशी सरकते, मग नुसती बोंबलते. जनावरं वाऱ्याच्या तोंडाकडं निघालीत. आणि वारं येतंय, मला दिसतंय."

मी आत्याच्या समोर बसून हे सगळं सांगितलं. सावकाश, ओठ हलवून.

"वास विचार," ती म्हणाली.

"वास येतोय का?"

"जळक्या रबराचा. थोडा. सकाळी जास्त होता."

"सकाळी काय केलंस, विचार."

मी विचारलं.

"पट्टा गोठून चिकटला होता," लेमेत म्हणाला. "सोडवला."

"कसा?"

"गॅस देऊन."

मी सांगितलं. आत्यानं कप खाली ठेवला.

"पाय कशाला दिलेत म्हणावं याला? नाचायला?"

"तिला सांग, पाय गारठले होते."

"आवाज कसला येतोय?" मी विचारलं.

"घोटे वाजतात तसा. जनावर चालताना."

रेनडिअर चालतं तेव्हा त्याच्या घोट्यात दर पावलाला टक असा आवाज होतो. धुक्यात आम्ही त्यावरूनच कळप शोधतो. मी आत्याला घोट्यांचं सांगितलं. तिनं बोट वर केलं.

"एकटं चालतंय की कळप?"

याचा अर्थ तोवर मला कळायला लागला होता. पट्टा जमिनीला चिकटलेला असताना गॅस दिला तर बेल्ट फिरत नाही. पुली फिरते आणि बेल्टला एकाच जागी जाळते. मग ती जळकी जागा दर फेरीला एकदा ठोकते. ते एकटं जनावर. पण चेन दातांवरून उड्या मारत असेल तर टकटक एकात एक मिसळते. तो कळप. बेल्ट तिथल्या तिथं बदलता येतो. चेनचा डबा त्या वाऱ्यात उघडणं म्हणजे बोटं गमावणं. तेव्हा स्कूटर सोडायची, बर्फात खड्डा करायचा आणि वारं जाईपर्यंत त्यात पडून राहायचं. दोन्हींसाठी वेळ पुरला नसता.

"लेमेत, एकटं चालतंय की कळप?"

"थांब." त्यानं फोन मशीनजवळ धरला असावा. वाऱ्याची फरफर आली, मग इंजिन, आणि इंजिनाच्या खाली ते. मग तो परत बोलायला आला. "एकटं."

"तो म्हणतो, एकटं," मी आत्याला सांगितलं.

"तो म्हणतो. तू काय ऐकलंस?"

मी लेमेतला फोन पुन्हा मशीनजवळ धरायला सांगितलं. डोळे मिटले. टक. टक. मग टक आणि लगेच एक बारीक टक. मग पुन्हा एकेक.

"एकटंच आहे," मी म्हणाले. "पण लंगडतंय."

आत्याच्या चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं.

"लंगडतंय म्हणजे बेल्टच. एका जागी जळलाय आणि पुलीवर कुठंतरी बर्फ धरलाय. चेन लंगडत नाही. चेन गोंधळ घालते. त्याला म्हणावं, इंजिन बंद कर. दुसरा बेल्ट कुठं ठेवलाय?"

"मागच्या घसरगाडीत," लेमेत म्हणाला. "सामानाखाली."

"म्हणजे त्याचं लाकूड झालंय. तसाच ताणलास तर तडकेल. कोटाच्या आत, पोटाला लावून धर. वाकायला लागला की मग घाल. तोवर पुलीवरचा बर्फ काढ. सुरी लावू नको, ओरखडा राहिला तर नवा बेल्टही खाईल. लाकडानं काढ. आणि तोंडानं फुंकर मारू नको, वाफ जागच्या जागी गोठेल. मग मागून उचल, आपट, लाथा घाल. या वेळी पायांनी. निघाल्यावर हळू जा. जनावरं गेली तर जाऊ देत."

मी एकेक वाक्य फोनमध्ये सांगत होते. पोटाचं सांगितलं तेव्हा लेमेत काहीतरी पुटपुटला. जनावरांचं सांगायच्या आधी फोन बंद पडला.

वारं आलं. आधी तळ्याचा पलीकडचा काठ दिसेनासा झाला, मग तळ्यातलं बेट, मग दारातल्या स्कूटर. आत्यानं शेगडीत लाकडं घातली. हात धुतले. फोन स्वतःच्या समोर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवून बसली. वाजला तर हातालाच कळलं असतं.

वाजला तेव्हा तिनं तो उचलला नाही. माझ्याकडं सरकवला. लेमेतची बायको होती. तो झोपडीत पोचला होता. पोटावर बेल्टच्या दातांचे लाल वळ उठलेत, खालून वर शिडीसारखे, असं ती हसत सांगत होती आणि मधेच तिचं हसणं थांबत होतं.

"शिडी," मी आत्याला सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता विसरणार नाही."

हवा निवळल्यावर लेमेत स्कूटर घेऊन आला. सगळं उघडून बघायचं होतं. आत्यासाठी त्यानं वाळवलेलं मांस आणलं. तिनं ते हुंगलं, बरं आहे म्हणाली, आणि त्याला कोट वर करायला लावून पोट बघितलं. पिएरानंही बघितलं.

मी त्याच्याबरोबर बाहेर पडले.

"तिचे हात तेलात होते," लेमेत म्हणाला.

"होते."

"मी फोन केला की तेलातच असतात. इतकं तेल आणता कुठून?"

मी दारातल्या डहाळ्या सारख्या करायला लागले.

"रिस्तेन, सगळ्यांना माहीत आहे. पिएरानं मिशा कशाला काढल्या असं वाटतं तुला? ओठ दिसावेत म्हणून. त्या पिंपावर गारठत तो कशाला बसतो? मला सरळ मशीनचा आवाज ऐकवता आला असता, मी आधी तोंडानं सांगत बसलो ते काय हौस म्हणून?"

"मग तिला सांगत का नाही? तिला वाटतंय, कळलं तर कोणी येणार नाही."

"येतायत ना सगळे?"

"येतायत. पण ती भीत भीत जगतेय."

लेमेतनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"तू तिला विचारशील का, माझ्या कळपात तिची किती जनावरं आहेत?"

"नाही."

"झालं तर."

वसंतात आमच्याकडं सकाळी बर्फ कडक असतो आणि दुपारी त्यात पाय गुडघ्यापर्यंत खाली जातो. कळप किनाऱ्याकडं निघायचा होता. शेडच्या दारात लेमेतची स्कूटर तयार होती. तिला नवा बेल्ट होता, पुल्या आरशासारख्या पुसलेल्या. आत माझी स्कूटर कुशीवर पाडलेली होती, चेनचा डबा उघडा. तिची चेन पुन्हा सैल झाली होती. आत्या म्हणाली, आता ताण देण्यात अर्थ नाही, हिला नवीच घालू.

त्या सकाळी मी बाहेर डहाळ्या पसरत होते. आत काय झालं ते मला पिएरानं नंतर सांगितलं.

आत्या माझ्या स्कूटरवर वाकली होती. लेमेत तिच्या मागं, दाराशी, कप घेऊन उभा होता. येताना तो बेटाच्या पलीकडून पायी आला होता. तिथं नदी तळ्याला मिळते.

"आत्या," तो म्हणाला, "चाचणीला जाशील तेव्हा बेटाच्या अलीकडंच राहा. नदीच्या तोंडाशी बर्फ पोखरलाय, पाणी वर आलंय."

"हं," आत्या म्हणाली.

ती वळली नव्हती. पिएरानं लेमेतकडं बघितलं. लेमेतनं कपात बघितलं. पुन्हा सांगायचं तर तिच्या खांद्याला हात लावून, तिला वळवून, तोंडासमोर सांगावं लागलं असतं. तसं कोणी कधी केलं नव्हतं. सगळे आपण होऊन तिच्या समोर बसायचे, तिला कोणी वळवायचं नाही. लेमेतनं उरलेली कॉफी पिऊन टाकली. पिएरा म्हणाला, "मला वाटलं, ती समोर आली की तो सांगेल." लेमेतला वाटलं, पिएरा समोरच बसलाय, तो सांगेल.

आत्या हात पुसत बाहेर आली. मला म्हणाली, "थांब, लेमेतची फिरवून आणते. मग तुझी चेन." तिनं स्कूटर मागून उचलून आपटली, पट्ट्याला दोन्ही बाजूंनी लाथा घातल्या. लेमेत दारातून बाहेर येईपर्यंत ती सुरू करून निघाली होती. सुरुवातीला हळू, नेहमीसारखी.

आम्ही तिघं काठावर उभे राहिलो. ती बेटापर्यंत गेली, तिथं थांबली. इंजिन बंद केलं. हातमोजा काढला. हवा इतकी शांत होती की झाकणाची खिटी उघडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

तेव्हा लेमेत ओरडला. पिएराही ओरडला. बेटाच्या पलीकडं जाऊ नको, परत फीर, असं दोघं ओरडत होते आणि टोप्या हलवत होते. मी लेमेतला काय झालं विचारलं. त्यानं नदी एवढंच सांगितलं आणि मीही ओरडायला लागले. पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकली. आमचे आवाज बेटावर आपटून परत येत होते.

आत्यानं पुल्या चाचपल्या. झाकण लावलं. मग मान वर केली. तिला आम्ही टोप्या हलवताना दिसलो. तिनं उलटा हात वर करून दाखवला. गार आहेत. ठीक आहे.

लेमेत बर्फावर धावत सुटला.

ती स्कूटर सुरू करून बेटामागं गेली. आवाज एकसारखा होता. त्यात कुठं टकटक नव्हती. मग तो थांबला.

तिला दुपारी वर काढलं. पाणी तिथं खोल नव्हतं, ओढ फार होती.

कळप थोडा उशिरा निघाला. चर्चमध्ये जागा पुरली नाही. लांबलांबच्या कळपांचे लोक आले होते, स्कूटर फाटकापासून तळ्यापर्यंत उभ्या होत्या. सगळ्यांनी त्या डहाळ्यांवर ठेवल्या होत्या. लोक तिच्याविषयी बोलले. काखेतल्या पान्याविषयी, कॉफीतल्या वायसरविषयी, लेमेतच्या पोटावरच्या शिडीविषयी. हसलेही. काठीविषयी एकजण बोलायला लागला होता, मग त्यानं विषय बदलला. तिच्या कानांविषयी कोणी बोललं नाही.

पिएराच्या मिशा पुन्हा वाढताहेत.

शेडची किल्ली लेमेतनं माझ्याकडं दिलीय. मी सकाळी जाते, शेगडी पेटवते, ओंडक्यावर बसते. माझी स्कूटर तशीच कुशीवर आहे. बोल्ट कपात आहेत. नवी चेन दातांवर चढवलेली आहे. ताणाचा स्क्रू बोटांनी फिरेल तेवढा फिरवायचा, मग जरासा सैल सोडायचा, मग नट आवळायचा आणि डबा लावून तेल घालायचं. आत्यानं तो बोटांनी फिरवून ठेवलाय. सैल सोडायचा राहिलाय.